गेस्ट हाउसमधल्या समुद्राचा फेस

आमच्या कारखान्याचा बॉयलर त्या वर्षी पेटलाच नाही. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. शेतात जो काही ऊस उभा होता तो लोकांनी जनावरांपुढे टाकला. तोडणीच्या टोळ्या दसरा होताच बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघून गेल्या. मागे वसाहतीत उरली कायम नोकरीवाल्यांची अडतीस बिऱ्हाडं. मी प्रयोगशाळेत केमिस्ट. रसच नाही तर तपासायचं काय? रोज दहाला कुलूप काढायचं, काचेची भांडी पुसायची, परत कपाटात ठेवायची आणि पाचला कुलूप लावायचं, एवढंच काम.

त्याच वर्षी गेस्ट हाउसमध्ये समुद्र आणला गेला.

चेअरमनसाहेबांना कुणी वास्तू बघणाऱ्यानं सांगितलं होतं की ईशान्येचा कोपरा कोरडा पडलाय, तिथं हलतं पाणी ठेवा, म्हणजे गाळप सुरू होईल. एखादं लहान कारंजंही चाललं असतं. पण साहेबांनी पुण्याच्या एका हॉटेलात समुद्री माशांची टाकी पाहिली होती. त्यांना तीच हवी होती. दहा फूट लांब, छातीएवढी उंच, दोन हजार लिटरची टाकी ट्रकमधून आली. आत जिवंत प्रवाळ, पिवळे आणि निळे मासे, वर निळे दिवे, खोलीला एसी. बाहेर अंगणातल्या लिंबाची पानं होरपळली होती आणि आत प्रवाळ हात हलवल्यासारखे डोलत होते.

मला राग आला तो टाकीचा नाही, सोमवारचा. वसाहतीला सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पाच हजार लिटरचा टँकर यायचा. घरटी आठ हंडे. टाकीतलं पाचव्या हिश्श्याचं पाणी दर आठवड्याला बदलायचं आणि उडून गेलेलं भरून काढायचं, असं पुण्याच्या दुकानदारानं सांगून ठेवलं होतं. मीठ कालवण्याआधी ते पाणी शुद्ध लागतं आणि टँकरचं पाणी इतकं जड होतं की आरओतून एक बादली शुद्ध निघताना चार बादल्या नळीवाटे बाहेर जायच्या. म्हणून सोमवारी टँकर आधी गेस्ट हाउसला लागायचा. तिथं निम्म्याहून जास्त रिकामा व्हायचा आणि मग वसाहतीत यायचा. त्या दिवशी घरटी तीन हंडे. माझ्या शेजारच्या वैनींची सासू वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं अंथरुणातच व्हायचं. तीन हंड्यांत चार माणसांचं पिणं, स्वयंपाक आणि म्हातारीचं धुणं कसं भागवायचं, याचं उत्तर वैनींनी स्वतःच काढलं होतं. सोमवारी आणि मंगळवारी त्या म्हातारीला पाणी न लावता नुसत्या कोरड्या कपड्यानं पुसायच्या. म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. त्या मी पाहिल्या आहेत.

मार्चमध्ये साहेबांनी मला गेस्ट हाउसला बोलावलं.

“म्याडम, पान्याला वास यायलाय. पुढच्या महिन्यात मुंबईचे पावणे हायेत. तुमी लॅबच्या. काय करावं?”

“विकून टाका,” मी म्हटलं.

ते हसले. “तुमी लई कडक हायेत. विकायला आनली का मी?”

मी टाकीच्या मागं जाऊन पाहिलं. पाणी पिवळट झालं होतं. काचेला चिकट थर होता. मागच्या कडेला हाताएवढं एक प्लॅस्टिकचं यंत्र टांगलं होतं, त्यातून चार बुडबुडे निघत होते. हे प्रोटीन स्किमर. माशांची घाण, उरलेलं खाणं, प्रवाळांचा चिकट स्राव, हे सगळं कुजायच्या आत पाण्याबाहेर काढणं हे त्याचं काम. पाण्यात अगदी बारीक हवा घुसळायची. बुडबुड्यांना घाण चिकटते, फेस होऊन नळीतून वर चढते आणि वरच्या वाटीत पडते. टांगलेलं यंत्र दीड-दोनशे लिटरच्या टाकीचं होतं. दोन हजार लिटरला ते म्हणजे हत्तीच्या पाठीवर दात घासायचा ब्रश. सगळी घाण टाकीतच कुजत होती, म्हणून दर आठवड्याला पाणी बदलावं लागत होतं. दुकानदारानं स्वतःची चूक आमच्या टँकरनं धुवून घेतली होती.

तिथंच उभ्या उभ्या मी बोलले. “योग्य स्किमर लावला तर पाणी महिन्यातून एकदा बदललं तरी चालेल, तेही थोडं. तेवढं आणि रोज उडून जाणारं पाणी जारवाल्याकडून घेता येईल. आठवड्याला बारा जार पुरतील. मग सोमवारचा टँकर इथं थांबायचा नाही. सरळ वसाहतीत.”

“यंत्र चाललं तर, नेऊ द्या की टँकर. मी काय पानी पितो का त्यातलं?”

“तसं सांगा खरेदीवाल्यांना. माझ्यासमोर.”

त्यांनी खरेदी अधिकाऱ्याला बोलावून माझ्यासमोर सांगितलं. जारवालासुद्धा पाणी कुठून तरी उपसूनच आणणार, हे मला कळत होतं. पण मला एका वेळी एकच भांडण झेपत होतं.

आता यंत्र निवडायचं होतं. सहकारात कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन कोटेशनं लागतात आणि सगळ्यांत कमीचं मंजूर होतं. खरेदी अधिकाऱ्यानं दोन दिवसांत तीन कोटेशनं माझ्या टेबलावर ठेवली. तीन वेगवेगळ्या दुकानांची पत्रं, पण तिन्हींवर अक्षर एकच आणि तिन्हींत तोच लिहिण्यातला घोळ. सगळ्यांत कमीचं यंत्र म्हणजे आत्ता टांगलेलंच, फक्त एक नंबर मोठं.

“हे त्याच दुकानदाराचे तीन कागद आहेत,” मी म्हटलं.

“कावून म्याडम, शिक्के येगळे हायेत की.”

“शिक्के वेगळे आहेत, माणूस एक आहे. मी लिहून देते काय पाहिजे ते. त्या मापात बसतील तीच कोटेशनं घ्या.”

“यवढं कशाला? खोक्यावर लिहिलंय, तीन हजार लिटरपर्यंत चालतंय म्हनून.”

खोक्यावर लिहिलेलं हे असं असतं. रिकाम्या टाकीत दोन मासे सोडले तर यंत्र तीन हजार लिटर सांभाळेल. साहेबांच्या टाकीत चाळीस मासे होते, शिवाय सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांना दाखवायला मूठभर खाणं पडत होतं. म्हणून मी पहिली अट लिहिली, खोक्यावरचा आकडा टाकीच्या दुप्पट हवा. दुसरी अट, आकड्यापेक्षा हवेकडे बघा. यंत्र तासाला किती हवा ओढतं, ते दुकानदारानं सांगावं आणि आल्यावर मी ते मोजून घेईन. दुकानदार फोनवर म्हणाला, “मॅडम, असं कुणी मोजत नाही.” मी म्हटलं, “मी मोजते, मला दुसरं काम नाही.”

तिसरी अट पंपाची. पंपाच्या चाकाला पाती असतात तशा काही यंत्रांत सुया असतात. त्या सुया हवेचे तुकडे करतात. बुडबुडा जितका बारीक तितकी घाण जास्त चिकटते. सुयांचं चाक पाहिजे आणि सोबत एक जादा चाक पाहिजे, कारण बीडला काय, औरंगाबादलाही ते मिळणार नाही. चौथी अट अंगाची. दुकानदार उंच आणि सडपातळ नळीचं यंत्र गळ्यात मारू पाहत होता, दिसायला रॉकेटसारखं. टाकीखालच्या कपाटाची उंची मी टेपनं मोजली होती. रॉकेट आत गेलंच नसतं. वाटी काढून धुवायला वर वीतभर जागाही हवी. वाटी दोन दिवसांनी धुतली नाही तर नळीला चिकट थर धरतो आणि फेस वर चढत नाही. ज्याला धुवायचं त्याचा हात आत गेला पाहिजे. म्हणून रुंद अंगाचं, बुटकं, कपाटातल्या लहान टाकीत, जिथं वरचं पाणी उतरून परत वर चढतं तिथं, बसणारं यंत्र.

शेवटची अट विजेची. आमच्याकडे दिवसातून चार वेळा वीज जायची. वीज परत आली की काही यंत्रं एकदम उसळून सगळा फेस जमिनीवर ओततात. म्हणून पंप इन्व्हर्टरवर चालणारा आणि वेग कमी-जास्त करता येणारा हवा. कागद भरून झाला तेव्हा मला स्वतःचीच चीड आली. इतक्या बारकाईनं मी वसाहतीच्या पिण्याच्या पाण्याचं कधी काही लिहून दिलं नव्हतं. दिलं असतं तर कुणी वाचलंही नसतं.

कागद मंजूर झाला. यंत्र आलं, बुटकं, पांढरं, घागरीएवढ्या घेराचं. मी हवेच्या नळीचं टोक पाण्यात उलट्या धरलेल्या मोजपात्राला जोडून पात्रातली हवा किती वेळात ओढली जाते ते पाहिलं. दुकानदारानं सांगितलेल्यापेक्षा हवा थोडी कमी होती, पण पुरेशी होती.

टाकी सांभाळायला जो माणूस लावला होता, तो आमचा पॅनमन. तीस वर्षं त्यानं पाक उकळून साखरेचा दाणा पाडला होता. काचेवर थेंब घेऊन, अंगठ्यानं चोळून तो दाणा सांगायचा आणि माझं यंत्र नंतर तेच सांगायचं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. गाळप नाही म्हणून त्यांना माशांना खाणं घालायला बसवलं होतं. या गोष्टीचा मला अजून राग आहे.

मामा यंत्रापुढे उकिडवे बसले. “म्याडम, हे करतंय काय नेमकं?”

“गुऱ्हाळ पाहिलंय ना?”

“पाहिलंय? माझा बाप गुळव्या व्हता.”

“मग झालं. काहिलीत रस उकळताना भेंडीचा रस घालतात. घाण फेसाला धरून वर येते आणि ती मळी झाऱ्यानं काढतात. इथं भेंडी नाही आणि जाळ नाही, हवा आहे. मळी आपोआप वाटीत पडते.”

मामा खूश झाले. “म्हंजी गुऱ्हाळच की. काल सांगितलं आसतं तर इतकं भ्यालो नसतो.”

“सुरुवातीचा आठवडा ते वेडंवाकडं चालेल,” मी म्हटलं. “नवीन प्लॅस्टिक आहे, मुरायला वेळ लागतो. फेस जास्त आला तर हा खटका एक घर खाली करा. बाकी हात लावू नका.”

“न्हाई लावत.”

त्या रविवारी नेकनूरला बहिणीकडे कार्यक्रम होता. मी सकाळच्या एसटीनं गेले आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत आले. सोमवार होता आणि टँकर पहिल्यांदाच सरळ वसाहतीत यायचा होता, म्हणून घरी न जाता आधी गेस्ट हाउसला गेले.

वाटी कोरडी होती. यंत्राच्या अंगात पाणी नुसतं खळखळत होतं, फेसाचा एक थर नाही. टाकीतले मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. पाण्यावर दिव्याच्या उजेडात सप्तरंगी पडदा हलत होता.

मामा दारातून आले. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान. “काल लई उसळलं व्हतं, म्याडम. वाटी भरून भुईवर आलं. खटका खाली केला तरी थांबंना. म्या दोन थेंब तेल सोडलं. झटक्यात बसलं बघा.”

“कसलं तेल?”

“शेंगदान्याचं. घरचंच.”

काहिलीत फेस उतू जायला लागला की गुळव्या तेलाचे दोन थेंब सोडतो आणि फेस खाली बसतो. कारखान्यातही तेच करतात, फक्त तेलाचं नाव बदलतं. मामांनी तीस वर्षं तेच केलं होतं. आणि इथं फेस मारणं म्हणजे यंत्र मारणं. तेलाचा तवंग आहे तोवर त्यात फेस धरणार नाही. घाण पुन्हा टाकीतच राहणार आणि पाण्यात हवाही जाणार नाही.

मी मामांवर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण “तीस वर्षांत एवढीसुद्धा अक्कल आली नाही का” हे वाक्य आठवतं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस. ते हात मागं बांधून उभे राहिले, बोलणं संपेपर्यंत. मग शांतपणे म्हणाले, “तुमीच म्हनल्या ना, गुऱ्हाळच हाय म्हनून.”

मी म्हटलं होतं. सगळं सांगितलं होतं, फक्त एक सोडून. काहिलीत फेस ही अडचण असते, इथं फेस हेच काम आहे. ज्याच्या बापानं काहिलीवर आयुष्य काढलं त्याला गुऱ्हाळाचं उदाहरण द्यायचं तर ते अर्धवट देऊन चालत नाही. मी माफी मागितली नाही. प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि फिल्टर पेपरचे सगळे गठ्ठे आणायला सांगितलं. गाळप नव्हतं, पेपर पडूनच होते.

तेवढ्यात खरेदी अधिकारी आले. मासे वर आलेले बघून त्यांनी तिथूनच साहेबांना मुंबईला फोन लावला. दोन मिनिटांनी फोन खाली ठेवून म्हणाले, “साहेब म्हनतेत, टँकर इकडं लावा. पानी बदलून घ्या.”

बाहेर फाटकाशी टँकरचा आवाज आला होता. समोर वसाहतीच्या रस्त्यावर हंड्यांची रांग लागलेली मला खिडकीतून दिसत होती. वैनी पहिल्या पाचांत होत्या.

“टँकर लावला तरी उपयोग नाही,” मी म्हटलं. “तुमचा आरओ तासाला किती शुद्ध पाणी काढतो ठाऊक आहे? निम्मी टाकी बदलायची तर दोन दिवस लागतील. तोवर हे मेलेले असतील.”

“म्हंजी काय करावं?”

“तेल काढायचं. मी काढते. टँकर जाऊ द्या.”

“साहेबांला काय सांगू? तुमी लिहून देताव का?”

मी लिहून दिलं. प्रयोगशाळेच्या कागदावर, सहीशिक्क्यासह, की पाणी बदलल्यानं मासे वाचणार नाहीत. ते पूर्ण खरं नव्हतं. तासाला थोडं थोडं पाणी बदललं असतं तरी माशांना आधार मिळाला असता. मला ते माहीत होतं. तरीही मी सही केली आणि टँकर वसाहतीकडे वळला.

मग दिवसभर मी आणि मामांनी तेल टिपलं. फिल्टर पेपर पाण्यावर अलगद पसरायचा, तेल शोषून पारदर्शक झाला की उचलायचा, दुसरा टाकायचा. मध्येच मामा तांब्या भरभरून पाणी घ्यायचे आणि उंचावरून टाकीत सोडायचे, माशांना हवा मिळावी म्हणून. दुपारपर्यंत त्यांचा खांदा भरून आला, पण थांबले नाहीत. आमचं दोघांचं बोलणं कामापुरतंच होतं. यंत्राचं अंग सुटं करून मी माझ्या घरच्या दोन बादल्या पाण्यात, भांड्याच्या साबणानं घासलं आणि साबणाचा अंशही राहू नये म्हणून आणखी एक बादली त्यावर घातली. त्या तीन बादल्या माझ्या वाट्याच्या आठ हंड्यांतल्या होत्या.

दोन मासे मेले, आणि कोपऱ्यातलं एक प्रवाळ पांढरं पडलं. गुरुवारी सकाळी मामा वसाहतीत मला शोधत आले. “म्याडम, धरला.” मी जाऊन पाहिलं. नळीत दाट, तांबूस फेस चढत होता. वाटीच्या तळाशी चहाच्या रंगाचं पाणी साचलं होतं आणि त्याला गटारासारखा वास होता. दहा दिवसांत टाकीतलं पाणी काचेसारखं झालं. माझी निवड बरोबर होती.

साहेब परत आले तेव्हा मेलेल्या माशांबद्दल त्यांनी विचारलं. मी म्हटलं, यंत्र नवीन होतं, बसायला वेळ लागला. तेलाचं नाव कुणी काढलं नाही. पाहुणे आले. साहेबांनी त्यांना टाकीसमोर उभं करून सांगितलं की दुष्काळात पाणी वाचवायला आम्ही खास यंत्र आणलं, कर्मचाऱ्यांचा टँकर आता पूर्णच्या पूर्ण त्यांना जातो. मला पुढं बोलावून पाहुण्यांना म्हणाले, “ह्या आमच्या म्याडम. ह्यांनीच निवडलं.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाकीचा फोटो नंतर वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. जुन्या यंत्रावर ती टाकी एप्रिलच्या उन्हात नासलीच असती. मासे मेले असते, वास सुटला असता, पाहुण्यांच्या आधी लाजेखातर ती उचलली गेली असती, आणि जार, वीज, एसी, मामांचे हात, सगळंच सुटलं असतं. तसं होऊ नये याची चोख व्यवस्था मी केली होती, हवा मोजून.

तेल टिपलं त्याच्या पुढच्या सोमवारीही टँकर सरळ वसाहतीत आला होता. मी रांगेत वैनींच्या मागं उभी होते.

“मासे जगले म्हनं,” वैनी म्हणाल्या.

“जगले.”

“मंग आता ऱ्हातेत कायमचे.”

“राहतात.”

त्यांनी आठवा हंडा नळीखाली लावला. “आज आत्याबाईंला न्हाऊ घालते,” त्या म्हणाल्या. “पाठ धरायला येता का? यकटीच्यानं वळत न्हाईत त्या.”

मी माझे हंडे भरून उंबऱ्यात ठेवले आणि त्यांच्याकडे गेले.